सरकारी धोरणाची उलटतपासणी कशी घ्यायची

नवीन कायदा आला, सबसिडी जाहीर झाली, कशावर तरी बंदी आली, की लोक दोन मिनिटांत बाजू घेऊन मोकळे होतात. मी मुक्त बाजार आणि मर्यादित सरकार या बाजूचा माणूस आहे, लपवायचं काही कारण नाही, पण आपल्याच बाजूची मंडळी "सरकारने यात पडूच नये" एवढं बोलून हात झटकतात ना, त्याचा मला विरोधकांपेक्षा जास्त वैताग येतो. एवढ्याने समोरच्याला पटत नाही, आणि पटू पण नये. म्हणून एखादं राष्ट्रीय पातळीवरचं धोरण हातात घेऊन ते नीट कसं तपासायचं आणि त्यावर एक पान कसं लिहायचं, ते मी जसं करतो तसं सांगतो. धोरण कुठल्याही देशाचं असू दे, पद्धत तीच. एका संध्याकाळचं काम आहे, फार तर दोन.

आधी मूळ मसुदा मिळवा. बातमी नको, भाषण नको, मसुदाच. कायद्याचं नाव कायम गोड असतं, विरोध करणारा नुसत्या नावामुळे खलनायक वाटावा अशी सोय केलेली असते, त्यामुळे नाव झाका आणि क्रियापदं वाचा. पेन्सिल घ्या आणि "बंधनकारक राहील", "परवानगीशिवाय करता येणार नाही", "विहित नमुन्यात सादर करील" असं जिथे जिथे येईल तिथे खूण करा, मग खुणा मोजा. बाळबोध वाटेल, पण कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००१ पासून नेमकं हेच केलं, सगळ्या कायद्या-नियमांतली बंधनं एकेक करून मोजली, आकडा तीन लाखांच्या वर गेला, मग तीन वर्षांत एक तृतीयांश कमी करायचं ठरवलं आणि करून दाखवलं. मोजलंच नाही तर कमी काय करणार. दुसऱ्या रंगाने आणखी एक खूण करा, "सक्षम प्राधिकाऱ्यास योग्य वाटेल त्याप्रमाणे" वाली. माझ्या मते मसुद्यातलं सगळ्यात महाग वाक्य हेच असतं. नियम वाईट असला तरी तो आधी माहीत असतो, माणूस त्याप्रमाणे हिशोब बसवतो, पण साहेबाला काय योग्य वाटेल ते साहेबाला भेटल्याशिवाय कळत नाही, आणि भेटायला काय काय लागतं ते तुम्हाला सांगायला नको.

मग हे औषध कुठल्या दुखण्यावर आलंय ते एका ओळीत लिहा आणि दुखणं खरं आहे का ते प्रामाणिकपणे बघा. इथे आपली मंडळी शॉर्टकट मारतात. कारखान्याचा धूर शेजाऱ्याच्या फुफ्फुसात जातो आणि त्याचं बिल कारखान्याला येत नाही, तर तिथे बाजार आपोआप काही करणार नाही, मान्य करून टाका. मुक्त बाजाराचा आद्य पुरस्कर्ता अ‍ॅडम स्मिथ, त्याने पण १७७६ मध्ये सरकारला तीन कामं दिलीच होती, संरक्षण, न्याय आणि कुणा एकट्याला परवडणार नाहीत अशी सार्वजनिक कामं. मर्यादित म्हणजे शून्य नाही हो. खरा वाद पुढे असतो, की दुखणं खरं असेल तर सरकारने नेमकं काय करायचं. अमेरिकेत आम्ल पावसाला कारणीभूत असलेल्या सल्फर डायऑक्साइडवर १९९० मध्ये कायदा झाला, त्यात वीज केंद्रांना अमुकच यंत्र बसवा असं सांगितलं नाही, एकूण धुराला मर्यादा घातली, परवाने वाटले आणि ते आपापसात विकायची मोकळीक दिली. १९९५ पासून हा बाजार सुरू झाला, ज्याला स्वस्तात धूर कमी करता येत होता त्याने जास्त कमी केला आणि उरलेले परवाने विकले. मर्यादा सरकारची, पण कुठल्या चिमणीवर काय बसवायचं ही उठाठेव सरकारने केली नाही.

रेडिओ लहरींचं पण तसंच. एकाच लहरीवर दोघे बोलले तर कुणालाच काही ऐकू येणार नाही, म्हणजे कुणाची कुठली हे ठरवावं लागणारच. पण ते ठरवायचं कसं? अमेरिकेत आधी सुनावण्या व्हायच्या, कोण जास्त लायक ते सरकारी आयोग बघायचा. पुढे अर्जांचा ढीग झाला म्हणून १९८० च्या दशकात मोबाईलच्या लायसन्सची चक्क सोडत काढली, मग काय, ज्यांचा टेलिफोनशी काडीचा संबंध नाही अशा लोकांनी पण फॉर्म भरले, आणि नंबर लागला की लायसन्स मोठ्या कंपनीला विकून मोकळे. रोनाल्ड कोस नावाचा अर्थशास्त्रज्ञ १९५९ पासून सांगत होता की लिलाव करा, तेव्हा लोक हसले होते, लिलाव सुरू झाला १९९४ मध्ये. तर तुमच्या कागदावर नुसतं "सरकार हवं की नको" असं लिहू नका, सरकार कुठपर्यंत हवं आणि त्याने वाटप करायचं की हक्क ठरवून देऊन बाजूला व्हायचं, असं लिहा.

आता जिथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो तो भाग, किंमत. धोरणामुळे कुठल्या वस्तूच्या किमतीला हात लागतोय ते शोधा. थेट लागत असेल तर सोपं, पण बऱ्याचदा तो आडून लागतो, कोटा, आयात शुल्क, किमान दर, कमाल भाडं, निर्यातबंदी, असं काहीही. भाव म्हणजे निरोप असतो. माल कमी आहे, जपून वापरा, आणि ज्याच्याकडे आहे त्याने बाहेर काढा, हा निरोप तो एकाच वेळी लाखो लोकांना देतो, कुणी परिपत्रक न काढता. तो दाबला की टंचाई जात नाही, नुसता निरोप जातो, आणि मग वाटप दुसऱ्या कशाने तरी करावं लागतं. कशाने, ते शोधणं हे तुमचं काम. रांग लागेल? ओळख लागेल? माल हलका होईल? मागच्या दाराने विकला जाईल? यातलं काहीतरी एक होतंच, बहुतेक वेळा दोन-तीन एकदम.

स्टॉकहोममध्ये भाडं बाजारभावाने ठरत नाही, तिथे भाड्याच्या घरासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागतं, शहराच्या मध्यभागी हवं असेल तर आणखी जास्त, आणि रांग टाळून आतल्या आत करार विकण्याचा काळा बाजार वेगळाच. स्वीडनसारख्या शिस्तीच्या देशात ही गत. रोमचा सम्राट डायोक्लेशियन याने तर इ.स. ३०१ मध्ये शेकडो वस्तूंचे कमाल भाव दगडावर कोरून लावले, जास्त घेणाऱ्याला मृत्युदंड, तरी ते टिकलं नाही. उलटं उदाहरण जर्मनीचं. २० जून १९४८, रविवार, पश्चिम जर्मनीत नवीन चलन आलं आणि तिथल्या अर्थकारभाराचा प्रमुख लुडविग एरहार्ट याने त्याच सुमारास बऱ्याच वस्तूंवरचं भावनियंत्रण उठवलं, आणि जी दुकानं महिनोन् महिने रिकामी होती त्यांच्या खिडक्यांत सोमवारी माल दिसायला लागला. तो माल काय रात्रीत तयार झाला नव्हता, आधीपासून गोदामात दडवून ठेवलेला होता, कारण निरुपयोगी नोटा घेऊन ठरवलेल्या भावात विकायला कोण वेडा बसलाय. पण हे पण लिहा की त्यानंतरच्या महिन्यांत भाव चढले, लोक चिडले आणि नोव्हेंबरमध्ये सार्वत्रिक संप झाला. आपल्या बाजूचं उदाहरण अर्धंच सांगितलं तर समोरचा उरलेलं अर्धं काढून तुमच्याच डोक्यात मारतो, अनुभव आहे.

एक हस्तक्षेप दुसऱ्याला कसा जन्म देतो याचं माझं लाडकं उदाहरण सँडविचचं आहे. पूर्वी अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांची भाडी कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ठरवायची आणि सरकारं त्यावर शिक्का मारायची. १९५८ मध्ये स्वस्तातल्या तिकिटाचा नवीन वर्ग काढला, नियम असा की या प्रवाशांना फक्त सँडविच द्यायचं. भाड्यात स्पर्धा करता येत नाही म्हटल्यावर काही युरोपियन कंपन्यांनी सँडविचच्या नावाखाली भरगच्च जेवणच द्यायला सुरुवात केली, मग अमेरिकन कंपन्यांची तक्रार, आणि मग सँडविच म्हणजे नक्की काय यावर मोठमोठ्या साहेबांचं भांडण. हसू येतं, पण तुमच्या समोरच्या मसुद्यात व्याख्यांचं कलम पाच पानांचं असेल तर समजून जा की कुणाचं तरी सँडविच तिथे दडलंय.

पुढे, फायदा कुणाला आणि तोटा कुणाला, आणि मुख्य म्हणजे माणशी किती. कागदावर दोन रकाने पाडा. समजा एका शुल्कामुळे एक कोटी लोकांचं माणशी दहाच्या एका नोटेचं नुकसान होतंय, म्हणजे एकूण दहा कोटी, आणि त्यातले आठ कोटी चार कारखान्यांना मिळतात, प्रत्येकी दोन कोटी, उरलेले दोन असेच वाया. आता दहाच्या नोटेसाठी कोण राजधानीत जाईल? कुणीच नाही. आणि दोन कोटींसाठी? वकील, सल्लागार, जाहिराती, सगळा फौजफाटा. मग मंत्र्यासमोर रोज कोण बसलेलं असतं ते सांगा. जेम्स ब्युकॅनन, मॅन्कर ओल्सन वगैरे अर्थशास्त्रज्ञांनी हेच पद्धतशीर मांडलं, ब्युकॅननला त्यासाठी १९८६ चं नोबेल मिळालं. सरकारातली माणसं वाईट असतात असं त्यांचं म्हणणं नव्हतं, ती आपल्यासारखीच असतात, स्वतःचं बघणारी, एवढंच. त्यामुळे कागदावर "भ्रष्ट नेते" वगैरे अजिबात लिहू नका, त्याने तुमचं पान हलकं होतं. साधू माणूस खुर्चीत बसवला तरी हे गणित असंच सुटेल, हे दाखवता आलं पाहिजे.

याच ठिकाणी आपल्या बाजूची पण परीक्षा घ्या. उद्योगांच्या सोयीचं धोरण आणि बाजाराच्या बाजूचं धोरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बऱ्याचदा एकमेकांच्या विरोधात. अमेरिकेतलं विमानांचं प्रकरण बघा. १९३८ पासून तिथे एक नागरी विमान मंडळ होतं, कोण कुठून कुठे उडणार आणि तिकीट कितीला, दोन्ही तेच ठरवणार, आणि पुढची चाळीस वर्षं त्यांनी एकाही नवीन कंपनीला देशातल्या मुख्य मार्गांच्या पंगतीत बसू दिलं नाही. पण एक फट राहिली होती, एकाच राज्याच्या आत उडणाऱ्या विमानावर मंडळाची सत्ता नव्हती, त्यामुळे कॅलिफोर्निया आणि टेक्ससच्या आतली तिकिटं तेवढ्याच अंतराच्या आंतरराज्य तिकिटापेक्षा कितीतरी स्वस्त होती. हे बघायला पीएचडी लागत नव्हती, दोन तिकिटं शेजारी ठेवली की झालं. १९७५ मध्ये सिनेटर टेड केनेडीने सुनावण्या लावल्या, पुढे आल्फ्रेड काह्न नावाचा प्राध्यापक मंडळाचा अध्यक्ष झाला आणि आपलंच मंडळ मोडायच्या मागे लागला, १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टरने ही बंधनं उठवणाऱ्या कायद्यावर सही केली आणि १९८४ संपताना मंडळच बंद. यात विरोध कुणाचा होता? बहुतेक बड्या विमान कंपन्यांचा! बंधनांमुळे त्यांना घाम फुटत नव्हता, स्पर्धेच्या नावाने फुटत होता. शिवाय केनेडी आणि कार्टर हे काही उजवे म्हणून ओळखले जाणारे लोक नव्हेत, तेव्हा कुणी म्हणालं की हा सगळा श्रीमंतांचा अजेंडा आहे, तर हे प्रकरण खिशात असू द्या.

तर अशी एखादी फट तुमच्या धोरणात शोधा. नियम लागू नसलेला शेजारचा जिल्हा, सूट मिळालेला आकार, सूट मिळालेलं वर्ष. तुलना तिथेच मिळते, आणि अशी एक तुलना दहा सिद्धांतांच्या बरोबरीची.

अर्धवट सुधारणेपासून सावध, हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. कॅलिफोर्नियाने विजेचा घाऊक बाजार मोकळा केला पण ग्राहकाचा दर बांधून ठेवला. २०००-०१ मध्ये घाऊक दर आभाळाला भिडले, व्यापाऱ्यांनी खेळ केले ते वेगळेच, वितरण कंपन्या महाग घेऊन स्वस्त विकत राहिल्या, दिवे गेले आणि एक मोठी कंपनी २००१ च्या एप्रिलमध्ये दिवाळखोरीत गेली. ग्राहकाला विजेची टंचाई आहे हा निरोपच मिळत नव्हता, तो आपला एसी लावून बसलेला. तसंच अमेरिकेतल्या बचत-कर्ज संस्थांचं, १९८० मध्ये सरकारने ठेवींच्या विम्याची मर्यादा ४० हजारांवरून १ लाख डॉलर केली आणि मग संस्थांना जोखमीचे धंदे करायची मोकळीक पण दिली. जिंकलो तर माझं, हरलो तर करदात्याचं, मग कोण जपून खेळेल. अशा प्रकारांना मुक्त बाजार म्हणून डोक्यावर घेऊ नका, नंतर त्याचं पाप आपल्याच खात्यात जमा होतं. मसुद्यात बघायचं एवढंच, नफा ज्याचा तोटा पण त्याचाच आहे का.

पैसे कुठून येणार हा भाग मी फार ताणत नाही. खर्चाचा आकडा किती वर्षांचा आहे बघा, पहिल्या वर्षाचा दाखवून दहाव्या वर्षाचा लपवणं ही जुनी युक्ती. आणि देशाला खर्चावर काही लगाम आहे का बघा, स्वित्झर्लंडमध्ये २००१ च्या सार्वमतात साधारण ८५ टक्के लोकांनी कर्जावर ब्रेक लावायच्या बाजूने मत दिलं आणि २००३ पासून तो लागू आहे, म्हणजे लोकांना हे कळत नाही असं नाही.

आता बाहेर पडायचा रस्ता. धोरण नवीन असेल तर ते संपणार कधी हे विचारा, जुनं असून काढायचं असेल तर ते काढल्यावर बुडणार कोण हे विचारा. पहिल्याचं उदाहरण परत विमानांचंच: १९७८ मध्ये छोट्या गावांची सेवा एकदम बंद पडू नये म्हणून दहा वर्षांपुरती सबसिडी ठेवली, ती आधी वाढवली, मग १९९६ मध्ये कायमची केली, आजही चालू आहे. तात्पुरतं म्हणून आलेलं पाहुणेमंडळ उठत नाही ते नाहीच.

दुसऱ्या प्रश्नावर मी स्वतः तोंडावर आपटलोय. मी एकदा एका लायसन्स पद्धतीविरुद्ध लांबलचक कागद लिहिला, चांगली अकरा पानं, आकडे, आलेख, सगळं. एका मित्राने वाचला आणि एवढंच विचारलं, "आणि ज्याने मागच्या वर्षी कर्ज काढून हे लायसन्स विकत घेतलंय त्याचं काय करायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. न्यूयॉर्कच्या टॅक्सीचे परवाने बघा म्हणजे मुद्दा कळेल. १९३७ च्या कायद्याने त्यांची संख्या गोठवली, परवाना मोटारीच्या बॉनेटवर ठोकलेला धातूचा बिल्ला असतो, मुळात तो नाममात्र फीमध्ये मिळालेला. संख्या अडकल्यामुळे त्याचा भाव चढत चढत २०१३-१४ च्या सुमारास दहा लाख डॉलरच्या वर गेला. मग ॲपवरच्या टॅक्सी आल्या आणि भाव कोसळला. पहिल्या मालकांनी कधीच विकून पैसे केले होते, मेले ते शेवटी कर्ज काढून घेणारे ड्रायव्हर, बरेचसे बाहेरून आलेले साधे लोक. गॉर्डन टुलॉक या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये हेच दाखवलं होतं, की सवलतीचा मलिदा पहिल्यालाच मिळतो, नंतर येणारा पूर्ण किंमत मोजून आत येतो, त्याला नफा साधाच, पण सवलत काढली की तोटा सगळा त्याचा. म्हणून तो जीव तोडून विरोध करतो, आणि त्याचं चूक पण नाही. तेव्हा कागदात भरपाई किंवा टप्पे लिहा. न्यूझीलंडने १९८४ नंतर शेतीची जवळजवळ सगळी सबसिडी थोड्या वर्षांत काढली, रॉजर डग्लस अर्थमंत्री, सरकार मजूर पक्षाचं, पण शेती सोडणाऱ्यांना काही मदत दिली आणि कर्जाची फेररचना पण झाली. दहातला एक शेतकरी बुडेल अशी भीती होती, प्रत्यक्षात शंभरातला एक शेती सोडून गेला. मेंढ्या मात्र भरपूर घटल्या, १९८२ मध्ये सात कोटी होत्या, आता तीन कोटींच्याही खाली, यामागे पुढची कारणं पण आहेत, पण सबसिडीमुळे पाळलेल्या मेंढ्या सबसिडीबरोबर जायच्याच.

हे सगळं झालं की लिहायला बसा, आणि एकच पान. वरती धोरण काय करतं ते दोन ओळींत, इतकं सरळ की ते लिहिणारा अधिकारी पण मान हलवेल. मग विरोधकाचा सगळ्यात जोरदार मुद्दा, त्याच्याच भाषेत. "गरिबांचं काय" हा प्रश्न येणारच, त्याला बगल देऊ नका. माझं उत्तर साधारण असं असतं, की माणसाकडे पैसे कमी आहेत तर त्याला पैसे द्या, भावाची मोडतोड करू नका, कारण स्वस्त केलेल्या वस्तूचा फायदा जो जास्त वापरतो त्याला जास्त मिळतो आणि तो बहुतेक वेळा गरीब नसतो. मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञाने साठच्या दशकात उणे आयकराची, म्हणजे कमाई ठराविक पातळीच्या खाली असेल तर कर घेण्याऐवजी उलट पैसे द्यायची, कल्पना मांडली ती याच विचाराने, आणि अमेरिकेत १९७५ पासून कमी कमावणाऱ्या कामगारांना करातून उलटे पैसे मिळतात ते त्याच घराण्यातलं. मग तुमची तुलना, फटीतून सापडलेली. मग कमीत कमी बदल सुचवा, अख्खं खातं बंद करा वगैरे नको, कुठलं कलम काढायचं, कुठे तारीख घालायची, कुठे "योग्य वाटेल त्याप्रमाणे" च्या जागी लेखी निकष टाकायचा. टेक्ससने १९७७ पासून सरकारी खात्यांना मुदतीची तारीख लावून ठेवलीये, विधिमंडळाने मुदत वाढवली नाही तर खातं आपोआप गुंडाळायचं, तसं एखादं कलम जवळजवळ कुठल्याही मसुद्यात बसतं आणि त्याला विरोध करणं अवघड जातं.

आणि पानाच्या तळाशी एक ओळ सोडा. त्यात लिहा, माझ्या म्हणण्याप्रमाणे झालं तर अमुक तारखेला अमुक आकडा खाली किंवा वर गेलेला असेल, नाही गेला तर मी चुकलो. विमानांच्या बाबतीत अशी ओळ कुणी १९७८ मध्ये लिहिली असती तर महागाई वजा जाता तिकिटं स्वस्त होतील हे बरोबर आलं असतं, आणि भरपूर कंपन्या कायम एकमेकींशी झुंजत राहतील हे चुकलं असतं, आता चार बड्या कंपन्यांकडेच देशातली बहुतेक वाहतूक आहे. तारीख लिहिली की फोनमध्ये रिमाइंडर पण लगेच टाका, नंतर टाकू म्हटलं की राहतं. माझी दोन पुढच्या वर्षी वाजणार आहेत, त्यातल्या एकात माझा अंदाज हुकलाय हे आत्ताच दिसायला लागलंय, आकडा दर तिमाहीला उलट्या दिशेनेच चाललाय.